पालथी खुर्ची

रविवार, १ मार्च

पोचले बाई एकदाची! बसमधून उतरले तेव्हा पाय अवघडून लाकूड झाले होते. पण शेवटच्या वळणावर समुद्र दिसला आणि मी चक्क हसले. एकटीच. शेजारच्या सीटवरचा माणूस दचकून सरकला.

खोली लहान आहे, पांढरी आणि स्वच्छ. एक पलंग, एक टेबल, खिडकीला निळा पडदा. पडद्याची दुमड एकीकडून उतरली आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे उसवून शिवले, नजर जाणारच. दाराबाहेर पाय धुवायला नळ आहे. नळाच्या चार पावलांपुढे वाळू सुरू होते ती थेट पाण्यापर्यंत. इतकी मऊ, इतकी ऊबदार, की चपला हातात घेतल्या त्या पुन्हा घातल्याच नाहीत.

हे सगळं लेकीने ठरवलं. म्हणाली, आई, आठवडाभर सुईला हात लावायचा नाही, कुणाचं काही करायचं नाही, नुसतं बसायचं. मी म्हटलं, नुसतं बसायला मला शिकवणी लावावी लागेल. पुढच्या रविवारी ती मला न्यायला येईल. तोवर फोनही करायचा नाही, अशी तंबी आहे. रोज काय केलं ते मात्र वहीत लिहायचं, ती येऊन वाचणार. शाळा माझी चौथीत सुटली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना गुंडाळलेली जुनी मासिकं उलगडून मी वाचायला शिकले, आणि लिहायला शिकले ते त्यांच्यातलंच बघून. तेव्हा पोरी, चुका काढू नकोस.

आमच्या ह्यांनी जन्मभर पाण्याच्या टाकीवर नोकरी केली. पाणी सोडायचं, पाणी बंद करायचं. समुद्र मात्र बघितला नाही. निवृत्त झालो की जाऊ, म्हणायचे. झाले निवृत्त, आणि त्याच थंडीत गेले. आता रडू येत नाही. फक्त शेजारी एक जागा राहते. चहा ओततानासुद्धा राहते.

इथे प्रत्येक खोलीला वाळूवर दोन कापडी खुर्च्या मिळतात, पाठीवर खोलीचा नंबर रंगवलेल्या. त्या मांडायला एक म्हातारा आहे, खुर्चीवाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारत हिंडतो. माझी एक खुर्ची त्याने सरळ ठेवली आणि दुसरी पालथी. मी विचारलं, हिला रजा आहे का? तो म्हणाला, माणूस एक, खुर्ची एक. रिकामी खुर्ची दिसली की समुद्र येऊन बसतो, बाई, आणि बसला की उठवायला मला पगार मिळत नाही. चेहरा अगदी गंभीर. सगळ्या पाहुण्यांना हाच विनोद ऐकवत असेल.

सोमवार, २ मार्च

नुसतं बसणं जमलं की! सकाळी उकडलेली अंडी आणि पाव खाऊन वाळूवर गेले, ती जेवायलाच उठले. पुस्तक उघडलं, पण दोन पानांच्या पुढे सरकले नाही. लाटा काही वाचू देत नाहीत. एक संपली की वाटतं, पुढची बघू आणि मग वाचू.

ती पालथी खुर्ची मात्र बघवेना. चार पाय वर करून पडलेली, मेलेल्या जनावरासारखी. मी ती सरळ केली आणि पाठीवर ह्यांचा टॉवेल टाकला. तपकिरी पट्ट्यांचा, विरलेला, उगाच बरोबर आणला होता. आणि तोंडातून गेलं, बसा. सवयीने. मग इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

संध्याकाळी शेजारच्या खोलीतली बाई आली. एकटीच आलेली आहे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. डोक्यावर परातीएवढी गवती टोपी, म्हणून मी तिचं नाव टोपीवाली ठेवलं आहे. हसून म्हणाली, माझ्या एका खुर्चीचं कापड फाटलंय हो, तुमच्याकडे कुणी बसणार नसेल तर ही नेऊ का? मी म्हटलं, न्या न्या, कोणी नाही. हेही सवयीने. बसमध्ये, दवाखान्यात, जिथे तिथे शेजारच्या जागेबद्दल लोक विचारतात आणि मी हेच सांगते. कोणी नाही, बसा.

टॉवेल मी काढून घेतला. खुर्ची तिने उचलून नेली.

मंगळवार, ३ मार्च

टोपीवालीकडे पाहुणा आला आहे. सकाळपासून तिच्या शेजारी, माझ्या नंबराच्या खुर्चीवर बसलाय. मला पाठ दिसते. पाठमोरा माणूस कुणासारखाही दिसतो, हे मी स्वतःला दोनदा सांगितलं.

ती मोठ्याने हसते. हसताना मागे रेलते आणि टोपी धरते. काय एवढं सांगतो तो तिला?

खुर्चीवाला सावलीत बसला होता. त्याला म्हटलं, शेजारच्या बाईंचे यजमान आले वाटतं. त्याने तिकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, खुर्ची तुमची. तुम्ही दिलीत? मी हो म्हटलं. आपल्या हाताने? मी म्हटलं, तिने उचलली, मी हो म्हटलं, काय फरक पडतो? आज पहिल्यांदाच त्याने टोमणा मारला नाही.

दुपारी ते दोघं पाण्यात पाय बुडवून चालत होते. तो डावा पाय जरा ओढतो.

आमचे हे ओढायचे तसा.

बुधवार, ४ मार्च

मी वेडी नाही. लेकी, तू हे वाचशील तेव्हा आधी एवढं लक्षात घे.

आज मी पुस्तक तोंडासमोर धरून तासन्‌तास त्याच्याकडे पाहिलं. काल फक्त पाठ होती. आज कान दिसला, वरून दुमडलेला. मग मानेवरची चामखीळ. जसजशी बघत गेले तसतसं एकेक ओळखीचं निघत गेलं.

मग त्याने संत्रं सोललं. साल एका तुकड्यात काढली, आतलं स्वतः खाल्लं, रिकामी साल पुन्हा गोल मिटवली आणि टोपीवालीपुढे धरली. तिने हात पुढे केला, साल हातात चपटी झाली आणि ती खिदळली. लग्न झालं त्या आठवड्यात ही गंमत माझ्याशी झाली होती. पुढे जन्मभर, दर मोसमात. मी दरवेळी फसल्यासारखं करायची. ती गंमत माझी आहे. समुद्र माझा ठरला होता. खुर्ची माझ्या नंबराची आहे.

जेवायला गेले नाही.

भीती वाटायला हवी होती. मेलेला माणूस दिसला तर बाईने भ्यावं. मला एवढंच वाटलं, की इतक्या लांबून आलात, तर तिच्याकडे का?

गुरुवार, ५ मार्च

आज सरळ उठून गेले. टोपीवालीला म्हटलं, माझी खुर्ची परत हवी. ती म्हणाली, अहो, बसलेल्याला कसं उठवू? उद्या न्या ना, आणि हसली. ओठ पांढरे पडलेत तिचे. केस ओले होते, कडक उन्हातसुद्धा टपटप गळत होते. हाताच्या रेषांत वाळू होती, धुतली तरी जाणार नाही अशी. हे सगळं मी बघितलं. बघितलं आणि मनात म्हटलं, हिला काय कमी आहे?

मग मी त्याच्याकडे वळले. तोंडाने काही म्हणाले नाही. डोळ्यांनी म्हटलं, ओळखा.

तो माझ्याकडे बघून नम्रपणे म्हणाला, वहिनी, ऊन लागेल तुम्हाला.

वहिनी!

त्याच आवाजात. ज्या आवाजाने जन्मभर मला अगं म्हटलं. तिला अगं म्हणतो. अगं, टोपी उडेल. अगं, बघ ती नाव. मी माझ्या खुर्चीत येऊन बसले आणि मला आठवलं ते, जे मी दोन वर्षं कुणालाच सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी मी उशाशी होते आणि लेक दाराबाहेर औषध आणायला गेली होती. ह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि हाक मारली ती तिला.

पोरी, तुझ्यावर राग नाही माझा. घरात आले की आधी तुलाच हाक असायची, आणि तू बापाची शेपटी. पण एकदा तरी. शेवटी तरी.

एक गोष्ट लिहायची राहिली. खुर्च्यांची रांग दोरीने आखलेली असते. सकाळी सगळ्या एका ओळीत होत्या. दुपारी तिच्या दोन खुर्च्या पाण्याकडे पुढे गेल्या होत्या. त्यांना सरकवताना कुणी दिसलं नाही.

शुक्रवार, ६ मार्च

टोपीवाली आज नळाशी भेटली. पाय धूत होती आणि पायांतून वाळू संपतच नव्हती. स्वतःहून बोलली. म्हणाली, ताई, तुम्ही हसणार नसाल तर सांगते. माझा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. हा तोच आहे. तीच उंची, दाराला डोकं लागायचं त्याचं. तीच दाढी. तसाच डाव्या हाताने जेवतो.

मी म्हटलं, दाढी? कुठली दाढी?

ती माझ्याकडे बघत राहिली.

आमचे हे बुटके. रोज सकाळी गुळगुळीत दाढी करायचे. डाव्या हाताने त्यांना साधं कुलूपही उघडायचं नाही.

ही खोटं बोलते. मला हुसकवायला बोलते. मी तसं तिला तोंडावर सांगितलं. म्हटलं, माझं माणूस मला ओळखता येत नाही का? ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, मला सकाळी अंथरुणात गार पाणी लागतं, ताई. घरी जावंसं वाटतं. पण तो बसलेला असतो ना. त्याला एकट्याला टाकून कशी जाऊ?

मी म्हणायला हवं होतं, पळ. आत्ताच्या बसने जा.

मी म्हटलं, तर मग माझी खुर्ची मला दे.

शनिवार, ७ मार्च, सकाळ

टोपीवाली नाही.

दोन खुर्च्या अगदी पाण्याच्या कडेला, बसायच्या कापडापर्यंत वाळूत रुतलेल्या. एकीवर टोपी. लाट येते, टोपीखालून जाते, परत येते. कचेरीतली बाई म्हणाली, लवकर निघून गेल्या असतील, असे पाहुणे असतात. तिची बॅग खोलीत आहे. चपला नळाशी आहेत.

खुर्चीवाल्याने माझी खुर्ची उकरून काढली आणि माझ्याजवळ आणून पालथी घातली. म्हणाला, अशीच राहू द्या. सरळ करायची नाही. कुणी मागितली तर द्यायची नाही. आणि तुमची लेक येणार म्हणता ना उद्या, मग आजच का जात नाही? मी म्हटलं, तुम्ही तिला का नाही सांगितलं हे? तो म्हणाला, सगळ्यांना सांगतो, बाई. सगळे हसतात.

तो लांब जाईपर्यंत थांबले.

मग खुर्ची सरळ केली. टॉवेल टाकला. बसा, म्हटलं. ह्या वेळी सवयीने नाही.

शनिवार, दुपार

आले.

पाण्यातून नाही, आकाशातून नाही. मी लाटेकडे बघत होते आणि शेजारच्या खुर्चीचं कापड करकरलं. अगं, म्हणाले, किती ऊन.

अगं म्हणाले.

हात हातात घेतला. गार आहे, ओला आहे. असू दे. आम्ही समुद्र बघितला. ह्यांनी संत्रं सोललं, साल मिटवून माझ्यापुढे धरली, मी फसले. दोन वर्षांत इतकी पोटभरून हसले नव्हते. माझ्या केसांतून पाणी गळतंय, आत्ता कागदावर पडलं.

एक खटकलं. ह्यांचा डावा पाय बोटभर आखूड होता. विजारीचा डावा पाय मी बोटभर वर शिवायची, म्हणजे जमिनीला घासायचा नाही आणि कुणाला कळायचंही नाही. आमच्या दोघांतलं गुपित. आज वाकून बघितलं. दोन्ही पाय सारखे शिवलेले आहेत.

लेक उद्या दुपारच्या बसने येईल. पिवळा कुर्ता घालून येते म्हणाली होती, लांबून ओळखायला.

रविवार, ८ मार्च, सकाळ

विजारीचा डावा पाय आज बोटभर आखूड आहे.

टाके माझे आहेत. तिरपे, जवळजवळ. माझेच.

काल नव्हते. काल मी लिहिलं. इथे. फक्त इथे.

लिहिताना ते खांद्यावरून वाकून बघतात. पूर्वीही बघायचे, काय लिहितेस म्हणून. ओला श्वास मानेवर लागतो. म्हणजे चामखीळ, संत्रं, अगं, हे सगळं माझ्याकडूनच. मीच दिलं. टोपीवालीने तिच्या नवऱ्याची दाढी दिली. ती खोटं बोलत नव्हती.

ह्याला स्वतःचं काहीच नाही. बसायला जागा लागते, एवढंच.

आत्ता विचारलं मला, आपली पोर कधी येते गं? पिवळा कुर्ता ना?

वही मिटली. पुन्हा उघडली. मिटून काय होणार, वाचून झालं आहे.

दुपार

उठता येत नाही. पाय वाळूत घोट्यापर्यंत — नाही, पोटऱ्यांपर्यंत. खुर्च्या पुढे आल्या आहेत. पाणी मांडीवर येतं, जातं. गार वाटत नाही आता.

खुर्चीवाल्याला हाक मारली. ऐकू गेलं नाही. की मी मारलीच नाही —

पोरी, येऊ नकोस. हे वाचशील तेव्हा उशीर — कसं सांगू, तू येऊन वाचणार —

बस आली. हॉर्न ऐकला.

पिवळं दिसतंय. नळाशी. चपला काढते आहे. किती वेळा शिकवलं, चपला जोडीने ठेव. फेकल्या. धावते आहे.

आई म्हणून ओरडली.

मग थांबली. माझ्या शेजारी बघते आहे.

आता आई म्हणत नाही. बाबा म्हणते आहे.

आणि ह्याने मान वळवली. माझ्याकडे एकदाही वळवली नाही तशी. तो चेहरा. तिला बघून उजळायचा तोच. पुन्हा तिच्याकडे. शेवटीही तिच्याकडेच —

उठतोय. लंगडत नाही. लंगडायचं विसरला —

नाही. ह्या वेळी नाही. मी बोलावलं, मी बसवलं, माझ्या खुर्चीवर. माझा आहेस तू. तिला मिळायचा नाहीस.

बाई जळते म्हण. म्हण काय म्हणायचं ते.

मनगट धरलं आहे. ओढतो. जोर आहे, लाटेइतका. मागे ओढते, पाण्याकडे — येतोय, थोडा थोडा येतोय — पोरी, तिथेच थांब, खुर्ची पालथी कर, दोन्ही पालथ्या —

एका हाताने धरवत नाही. दोन्ही हात लागतील. पेन ठे